फुकटचं काम, वतन आणि कंपायलर



‘बाबासाहेबांनी आपल्याला वतनाच्या जोखडातून सोडवलं आणि तुम्ही पोरांना परत फुकटच्या कामाला जुंपताय?’ हा प्रश्न मला चळवळीतल्याच लोकांनी विचारला आहे. एकदा नाही, बऱ्याचदा. विचारणारे बहुतेक वयाने मोठे, कामगार संघटनेत उमेद घालवलेले. ‘काका, तुम्हाला नाही कळायचं ते’ असं म्हणून त्यांना वाटेला लावणारी तरुण मंडळीही मी पाहिली आहेत. मला ते पटत नाही. प्रश्न रास्त आहे. त्याला एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख.

आधी काम काय ते सांगते. पिंपरीजवळच्या आमच्या वस्तीतल्या विहारात अभ्यासिका चालते. स्पर्धा परीक्षेची मुलं आठवडाभर बसतात आणि रविवारी दुपारी आम्ही पाच-सहा जण. आम्ही एलएलव्हीएम नावाच्या ओपन सोर्स कंपायलर प्रकल्पात योगदान देतो. ‘योगदान’ हा शब्द मोठा वाटतो, प्रत्यक्षात काम छोटं-छोटं आहे, ते पुढे येईलच. मी इंजिनियर नाही. समाजशास्त्रात एम.ए. केलं आणि तेव्हापासून वस्त्यांमध्ये काम करते: शिष्यवृत्तीचे अर्ज, जात पडताळणी, शाळा सुटलेल्या मुली. सर्वेक्षणाची आकडेमोड हाताने करून कंटाळले म्हणून पायथन शिकले, तेवढीच माझी तांत्रिक पुंजी. बाकीच्यांत पॉलिटेक्निक झालेली एक मुलगी आहे, ती दिवसा एका दुकानात बिलिंगला बसते. एक आयटीआय झालेला मुलगा आहे, दोघं बी.एस्सी.चे आहेत. सी भाषा मला त्या मुलीने शिकवली. ती मला ताई म्हणते आणि चुकलं की बिनदिक्कत ओरडते.

कंपायलर म्हणजे काय? माणूस सी, सी++ अशा भाषेत प्रोग्रॅम लिहितो. प्रोसेसरला ती भाषा कळत नाही, त्याला फक्त आकड्यांतल्या सूचना कळतात. मधलं भाषांतर करणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. १९५२ च्या सुमारास ग्रेस हॉपर या बाईंनी असं भाषांतर यंत्राकडूनच करून घेता येतं हे दाखवलं, तोवर बहुतेकांना ते अशक्य वाटत होतं. रिचर्ड स्टॉलमनने १९८७ मध्ये जीसीसी हा कंपायलर सगळ्यांसाठी खुला केला. एलएलव्हीएमची सुरुवात २००० साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात झाली. विक्रम अडवे हे प्राध्यापक आणि ख्रिस लॅटनर हा त्यांचा विद्यार्थी यांचं ते संशोधन होतं. २००३ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. सी आणि सी++ वाचणारा त्याचा भाग म्हणजे क्लँग, तो २००७ मध्ये खुला झाला. आज आयफोनवरची अ‍ॅप आणि अँड्रॉइडचा मोठा भाग याच कंपायलरमधून जातो. रस्ट आणि स्विफ्ट या भाषा त्याच पायावर उभ्या आहेत. तुमच्या हातातला फोन कोणत्याही कंपनीचा असो, त्यातलं बरंच काही या दोन कंपायलरांपैकी एकाच्या हाताखालून गेलेलं आहे.

हिंजवडी आमच्यापासून दूर नाही. तिथल्या कंपन्यांमध्ये आपली माणसं नाहीत असं कोणी म्हणू नये. भरपूर आहेत. हाउसकीपिंगमध्ये आहेत, सिक्युरिटीत आहेत, कॅब चालवतात, कँटीनमध्ये भांडी घासतात. वर जे मजले आहेत तिथेही आरक्षणाच्या जोरावर शिकलेली काही मुलं पोचली. पण खाजगी कंपनीत आरक्षण नाही, तिथे ‘रेफरल’ चालतो. आत असलेला माणूस आपल्या ओळखीच्याची शिफारस करतो. ओळखीचे कोण असतात हे समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. कोचिंग क्लासवाले आपल्या मुलांना सहा महिन्यांचा कोर्स विकतात आणि त्यानंतर डेटा एंट्रीची नोकरी. यंत्र वापरायला शिकवणारे गल्लोगल्ली आहेत. यंत्र जिथे घडतं तिथे बसायला शिकवणारं कोणी भेटत नाही. बाबासाहेबांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ काढला तो दुसऱ्यांच्या वर्तमानपत्रात पत्र छापून येईना म्हणून हात चोळत बसायचं नव्हतं म्हणून. पुढे त्यांनी छापखानाही उभा केला. साधन कोणाच्या हातात आहे, हा आपल्याकडे जुना प्रश्न आहे.

आम्ही या प्रकल्पाकडे वळलो ते मात्र एवढा विचार करून नाही. आयटीआयच्या मुलाने एका रविवारी विचारलं, ‘ताई, प्रोग्रॅममध्ये नावं मराठीत दिली तर चालतील का?’ चालतात. क्लँगला देवनागरी नावं कळतात. आम्ही ‘शेतकऱ्यांची_संख्या’ असं एक नाव लिहिलं आणि मुलीच्या लॅपटॉपवर तो प्रोग्रॅम व्यवस्थित चालला. मुलाने तेच नाव आपल्या मोबाइलवर टाइप करून फाइल पाठवली, तर कंपायलरने ती अडवली. दोन्ही नावं डोळ्यांना हुबेहूब सारखी. तासभर डोकं खाजवल्यावर अक्षरं सुटी करून त्यांचे क्रमांक पाहिले. घोळ ‘ऱ्य’ मध्ये होता. मराठीतला हा आडवा अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे वेगळं अक्षर वापरतात. दुसऱ्या, जुन्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. ते अदृश्य चिन्ह नावात चालणार नाही, असा सी++ चा आताचा नियम आहे. २०११ च्या सी भाषेच्या नियमात ते चालत होतं. म्हणजे तीच फाइल सी म्हणून दिली की कंपायलर कुरकुरत का होईना चालवून घेतो, सी++ म्हणून दिली की अडवतो.

नियम बदलण्यामागचं कारण चुकीचं नाही. न दिसणारी चिन्हं घालून दोन वेगळी नावं एकसारखी दाखवता येतात, वाचणाऱ्याची फसवणूक होऊ शकते. पण ही चर्चा वाचताना मला जाणवलं ते असं. कोणत्या लिपीतलं कोणतं अक्षर नावात बसेल हे माणसं ठरवतात. ती माणसं समितीत बसून प्रस्ताव लिहितात, त्यावर वाद घालतात आणि ते सगळं उघड्यावर, लेखी असतं. तिथे ‘आमच्या ऱ्य चं काय?’ हे विचारायला इंजिनियरिंगची पदवी लागत नाही. मराठी शुद्ध लिहिता येणं आणि चिकाटी एवढं पुरतं. त्या दिवशी आमच्यापैकी कोणालाच घरी जायची घाई नव्हती.

पुढचे दोन महिने मात्र यंत्राशी झटापटीत गेले. हा प्रकल्प नुसता उतरवून घ्यायचा तर काही जीबी डेटा लागतो. सगळा इतिहास न घेता फक्त ताजी प्रत घेतली तर बराच वाचतो. आमच्याकडचा सर्वांत चांगला लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, तोही सेकंडहँड. लाखो ओळींचा कोड जुळवून शेवटी एकत्र बांधायची पायरी आली की रॅम संपायची आणि लॅपटॉप बंद पडायचा. माहितीपत्रकं वाचून तोडगा काढला. चुका शोधायची जादा माहिती असलेला ‘डीबग’ प्रकार सोडून ‘रिलीज’ प्रकार बांधायचा. जगातल्या सगळ्या प्रोसेसरांसाठी न बांधता फक्त आपल्या प्रोसेसरसाठी बांधायचा. लिंक करायला एलएलडी वापरायचा आणि एका वेळी एकच लिंक होऊ द्यायची. एवढं केल्यावर रात्रभरात काम उरकलं. मध्ये दोनदा वीज गेली, पण निन्जा हे बांधणीचं साधन जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. माझ्या मते ही त्याची सर्वांत मोठी कर्तबगारी. ज्याच्या टेबलावर ६४ जीबीचं यंत्र आहे त्याला हे काहीच माहीत नसतं. ‘इथे सगळ्यांना समान संधी आहे’ असं या क्षेत्रातले लोक सहज म्हणतात, त्यांनी एकदा ८ जीबीवर बांधून पाहावं.

लॅपटॉप गुरगुरत असताना मी माझं ओळखीचं काम केलं. नव्या वस्तीत गेल्यावर आम्ही पहिल्या दिवशी भाषण करत नाही. पारावर बसतो आणि कोण कोणाशी कसं बोलतं ते ऐकतो. तसंच इथे केलं. नव्या माणसांनी पाठवलेल्या आणि निकाल लागलेल्या पुल रिक्वेस्ट मी एकेक करून वाचल्या आणि वहीत टिपत गेले. कोणाला उत्तर मिळालं, किती दिवसांनी, कोणत्या शब्दांत. हळूहळू चित्र दिसायला लागलं. एकच गोष्ट दुरुस्त करणारा आणि सोबत टेस्ट असलेला पॅच लवकर पुढे जातो. दोन ओळींचा बदल करताना अख्ख्या फाइलची मांडणी बदलून ठेवली तर कोणी हात लावत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेला आणि पाठवणाऱ्यालाच न समजलेला पॅच आला की परीक्षक वैतागतात, आणि ते बरोबरच आहे. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाला उत्तर तुम्हालाच देता आलं पाहिजे.

माझा पहिला पॅच माहितीपत्रकातल्या एका परिच्छेदाचा होता. तिथे दिलेली आज्ञा जुनी झाली होती, ती दिली तर नवखा माणूस अडकायचा. मी ती बदलली आणि एक वाक्य सोपं केलं. बस, एवढंच. हे काम क्षुल्लक समजू नका. नव्या माणसाला कुठे ठेच लागते हे नव्या माणसालाच कळतं, जुने लोक तिथून डोळे मिटून चालतात. मुलीने क्लँग-टायडी हा भाग निवडला. लिहिलेल्या कोडमधल्या शंकास्पद जागा दाखवणारं ते साधन आहे. त्यातली एक तपासणी चांगल्या कोडलाही चूक म्हणत होती. ती दुरुस्ती फार तर दहा ओळींची, पण सोबत टेस्ट लिहावी लागली आणि पुढच्या आवृत्तीच्या टिपणात एक ओळ घालावी लागली.

मग शांतता. एक दिवस, तीन दिवस, आठवडा. मुलगी म्हणाली, ‘ताई, मला माहीत होतं.’ तिला काय माहीत होतं ते मला विचारावं लागलं नाही. एका कंपनीत तांत्रिक फेरी उत्तम झाल्यावर ‘पूर्ण नाव काय?’ असं विचारलं गेलं होतं आणि त्यानंतर तिकडून कधीच फोन आला नव्हता. अशी शांतता आपल्या ओळखीची आहे. तिचा अर्थ लावायला आपण लहानपणापासून शिकलेलो असतो. पण माझ्या वहीत दुसरंच काही होतं. या प्रकल्पात परीक्षक कमी आणि पॅच फार, त्यामुळे आठवडाभर उत्तर न येणं रोजचं आहे. आठवडा झाला की खाली ‘पिंग’ एवढा एक शब्द लिहायचा असा तिथला रिवाज आहे. तो उद्धटपणा मानला जात नाही. उलट नव्या माणसाच्या पहिल्या पुल रिक्वेस्टवर यंत्राकडून आपोआप जो निरोप येतो त्यातच ही सूचना असते. तिने पिंग केलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. एका टेस्टचं नाव बदला, अमुक शक्यताही तपासा, बाकी चांगलं आहे. आणखी दोन फेऱ्यांनंतर पॅच आत गेला.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण आपली मुलं इथेच गळतात. चारचौघांत उघडपणे ‘हे असं का केलंत?’ असं लिहून आलं की अपमान वाटतो. आपल्याला असा प्रश्न शाळेत, कचेरीत, रेशनच्या दुकानात ज्या सुरात विचारला गेला आहे तो सूर कानात असतो. तिथे मात्र वीस वर्षं काम केलेल्या माणसालाही तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारतात. हे मी वाचून खात्री करून घेतलं आणि मुलांना त्या चर्चा दाखवल्या. सांगून पटलं नसतं.

नावाचा प्रश्नही आला. प्रत्येक पॅचवर लिहिणाऱ्याचं नाव आणि ईमेल कायमचं नोंदलं जातं. आयटीआयच्या मुलाने विचारलं, ‘आडनाव टाकू का फक्त वडिलांचं नाव लावू?’ त्यावर आमच्यात बराच वाद झाला. बी.एस्सी.चा एक जण म्हणाला, परदेशातल्या लोकांना आपल्या आडनावातून काय कळणार? पण या क्षेत्रात भारतीय लोक खूप आहेत, अमेरिकेत बसलेलेही, आणि त्यांना बरोबर कळतं. सागर ओलांडला म्हणून जात गळून पडत नाही, हे २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराला जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला यावरून दिसतंच. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेलं तसंच विधेयक तिथल्या गव्हर्नरने अडवलं, हेही लक्षात ठेवा. माझं मत मी तेव्हाच सांगितलं. पूर्ण नाव टाका. आपल्या आजोबांनी बांधलेल्या धरणांवर, रस्त्यांवर, गिरण्यांच्या भिंतींवर त्यांचं नाव कुठेही नाही. इथे प्रत्येक ओळ कोणी लिहिली हे दहा वर्षांनीही शोधता येतं. पण हे मत माझं. मुलाने वडिलांचं नाव लावलं आणि मी पुढे काही बोलले नाही. धोका ज्याच्या पोटाला आहे त्याने ठरवायचं.

ओपन सोर्स प्रकल्पांना आता वर्तणुकीची लेखी संहिता असते. अनेक प्रकल्प वापरतात त्या कॉन्ट्रिब्युटर कोव्हेनंट नावाच्या संहितेच्या २.१ या आवृत्तीत वंश, रंग, धर्म यांच्या जोडीला जात हा शब्द स्पष्ट आहे. एलएलव्हीएमची संहिता वेगळी आहे. तिच्या लांबलचक यादीत सामाजिक आणि आर्थिक वर्ग आहे, जात मला दिसली नाही. हा एक शब्द घालायचा प्रस्तावही एक पॅचच असतो.

आता वतनाकडे येते. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं, तेव्हा १८७४ च्या कायद्याने बांधलेलं काम काय होतं? सरकारी हरकाम्या म्हणून रात्री-अपरात्री केव्हाही हाक यायची. नाही म्हणायची सोय नव्हती. बाप गेला की मुलगा, मुलगा नसेल तर घरातलं कोणीही. मोबदला म्हणजे जमिनीचा तुकडा आणि गावाच्या मर्जीवरचं बलुतं. ते पूर्ण संपायला १९५८ चा कायदा यावा लागला. या कामातली वाईट गोष्ट पैसे कमी मिळायचे एवढीच नव्हती. ते जन्माने चिकटायचं, सोडता यायचं नाही आणि करून माणूस काही शिकायचा नाही, वर चढायचा नाही. कंपायलरचं काम यातल्या कोणत्या कसोटीला उतरतं? मनात आलं की सोडता येतं. जन्माशी संबंध नाही. केलेल्या कामावर नाव राहतं. एलएलव्हीएममध्ये लिहिलेल्या कोडचा हक्कही लिहिणाऱ्याकडेच राहतो. आणि जे शिकायला मिळतं ते आमच्या भागातल्या कोणत्याही कॉलेजात मिळालेलं नाही. तेव्हा ही वेठबिगारी नाही, एवढं मी ठामपणे म्हणेन.

पण प्रश्न विचारणाऱ्यांच्या मुद्द्यात दुसराही अर्धा भाग आहे, आणि तो नाकारता येत नाही. या कामातून सर्वांत जास्त कमावतात त्या कंपन्या. एलएलव्हीएमचा परवाना असा आहे की कंपनीने हा कोड घ्यावा, बदलावा, विकावा आणि स्वतःचे बदल परत देऊ नयेत, तरी चालतं. जीसीसीचा परवाना वेगळा. त्यात बदललेला कंपायलर दुसऱ्याला दिला तर त्याचा कोडही द्यावा लागतो. तत्त्व म्हणून मला जीसीसीचा परवाना जवळचा वाटतो. सामूहिक मालमत्ता सामूहिकच राहावी, ही त्यामागची भूमिका आपल्याला अनोळखी नाही. शिवाय पवईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसीच्या अंतरंगावर अनेक कार्यशाळा घेतल्या आहेत, तेव्हा तो वारसा आपल्या दारातलाच. तरी आम्ही एलएलव्हीएम धरलं, कारण त्याचा कोड सुट्या-सुट्या भागांत मांडलेला आहे आणि नव्या माणसासाठी खुणा करून ठेवलेली सोपी कामं तिथे आम्हाला सापडली. कोणत्या प्रकल्पाला आपला रविवार द्यायचा हा राजकीय निर्णय आहे. तो डोळे उघडे ठेवून घ्या, एवढंच.

इथे एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. युनिक्स घडवणाऱ्यांपैकी एक, केन थॉम्पसन, यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या निमित्ताने केलेलं त्यांचं भाषण १९८४ मध्ये छापून आलं. त्यात त्यांनी एक युक्ती मांडली. समजा मी कंपायलरमध्येच गुपचूप दोन गोष्टी घातल्या. पहिली, लॉगिनचा प्रोग्रॅम भाषांतरित होत असेल तर त्यात माझा चोरदरवाजा घालायचा. दुसरी, स्वतः कंपायलरच भाषांतरित होत असेल तर त्यात या दोन्ही गोष्टी पुन्हा घालायच्या. एकदा हे झालं की मूळ लिखाणातून मी त्या ओळी पुसून टाकतो. आता कोड कितीही तपासा, तो स्वच्छच दिसणार. पण जुन्या कंपायलरने नवा कंपायलर बांधला की चोरदरवाजा नव्यातही येतो. पिढ्यान् पिढ्या.

मी हे वाचलं तेव्हा रात्री उशिरापर्यंत झोप आली नाही. आमच्या देशाचा कोड १९४९ मध्ये स्वच्छ लिहून झाला. सतरावं कलम वाचा, त्यात कुठेही डाग नाही. पण त्या कलमाचं भाषांतर तलाठी कार्यालयात, पोलीस ठाण्यात, मुलाखतीच्या खोलीत ज्या यंत्रणेकडून होतं तिच्या आत काय बसलंय? आणि ती यंत्रणा आपली पुढची पिढी स्वतःच बांधते, घराघरांत. कायदा वाचून दाखवणाऱ्यांना मी म्हणते, कोड वाचून भागत नाही, तो चालवतं कोण ते पाहा. समाज म्हणजे यंत्र नव्हे, उपमा फार ताणली तर तुटेल, हे मलाही कळतं. तरी थॉम्पसनच्या कोड्यावर जो तोडगा निघाला तो विचार करण्यासारखा आहे. डेव्हिड व्हीलर या संशोधकाने दाखवलं की संशयित कंपायलरचा तोच कोड दुसऱ्या, स्वतंत्रपणे बनवलेल्या कंपायलरमधून बांधून घ्यायचा, मग त्या निकालाने पुन्हा तोच कोड बांधायचा आणि आलेलं फळ मूळ कंपायलरशी ताडून पाहायचं. चोरी असेल तर उघडी पडते. म्हणजे पडताळणीसाठी दुसऱ्यांनी घडवलेला कंपायलर लागतो. एकाच घरातल्यांनी एकमेकांना दिलेलं प्रमाणपत्र पुरत नाही. यंत्र घडवणाऱ्यांत वेगवेगळी माणसं का हवीत, याचं यापेक्षा रोखठोक कारण मला तरी सापडलेलं नाही.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी एकट्याने करू नये. दोघं-तिघं असलात की एक अडकला तर दुसरा टिकतो. सी किंवा सी++ थोडं येत असेल तर पुरे. सगळं शिकून झाल्यावर सुरू करू म्हणाल तर कधीच होणार नाही. आधी महिनाभर कंपायलर बांधा, त्याच्या टेस्ट चालवा आणि मुद्दाम एखादी मोडून पाहा, म्हणजे काय कुठे तपासलं जातं ते कळतं. इंग्रजीची भीती बाळगू नका. तिथे जर्मन, चिनी, ब्राझीलचे लोक मोडकंतोडकं लिहितात आणि कोणी हसत नाही. लहान वाक्यं लिहा. कोणी आधीच घेतलेलं काम घेऊ नका. घेतलं आणि जमलं नाही तर तसं लिहून मोकळं करा, त्यात कमीपणा नाही.

राहिला पैशाचा मुद्दा, आणि तो सर्वांत अवघड आहे. रविवार फुकट देणं ज्याच्या घरी पगार येतो त्याला परवडतं. काही मानधनाच्या वाटा आहेत. गुगल समर ऑफ कोड २००५ पासून चालतं. त्यात एलएलव्हीएम भाग घेत आलं आहे आणि २०२२ पासून त्यासाठी विद्यार्थी असण्याची अट राहिलेली नाही. पण त्याचं मानधन देशागणिक ठरतं. तेच काम करणाऱ्या भारतातल्या मुलाला अमेरिकेतल्या मुलापेक्षा कमी मिळतं, कारण म्हणे इथे राहणं स्वस्त. लॅपटॉप इथे स्वस्त मिळत नाही, हे कोणी विचारात घेत नाही. आउटरीची नावाचा दुसरा कार्यक्रम आहे. तो खास करून या क्षेत्रात ज्यांना डावललं जातं त्यांच्यासाठी आहे, त्याचं मानधन सगळीकडे सारखं आहे आणि त्याच्या अर्जात तुम्हाला भोगाव्या लागलेल्या भेदभावाबद्दल लिहायला सांगतात. आपल्या मुलांकडे त्या रकान्यात लिहिण्यासारखं भरपूर असतं. मात्र त्यात कंपायलरचे प्रकल्प दर वेळी असतीलच असं नाही.

आमच्या मुलीने यंदा समर ऑफ कोडसाठी अर्ज केला आहे. प्रस्ताव तिने स्वतः लिहिला, मी फक्त स्वल्पविराम पाहिले. निवड झाली तर काही महिने दिवसा दुकानात बसून ते काम होणार नाही. नोकरी सोडावी लागेल आणि मानधन टप्प्याटप्प्याने येईल. घरात धाकटा भाऊ बारावीला आहे, आई दुसऱ्यांच्या घरची कामं करते. भाऊ म्हणतो सोड, आई म्हणते दुकानदाराला आधी विचारून बघ, परत घेईल का. परवा विहारात आम्ही बसलो आणि वस्तीतल्या नोकरदारांकडून दर महिन्याला थोडे-थोडे जमवले तर पहिला हप्ता येईपर्यंतचं भागेल का, याचा हिशोब मांडला. अकरा जणांनी होकार दिला आहे. अजून चार लागतील.